यंत्राच्या ठेक्यावर

जस्टिन ब्रॉडरिकला ड्रम उत्तम वाजवता येतात. ‘हेड ऑफ डेव्हिड’ या बँडमध्ये तो ड्रमर म्हणूनच होता, आणि त्या बँडचा ‘डस्टबोल’ हा अल्बम स्टीव्ह अल्बिनीच्या देखरेखीखाली झाला. अल्बिनीसमोर कच्च्या हाताचा ड्रमर टिकत नसे. असा हा माणूस १९८८ मध्ये स्वतःचा बँड उभा करतो, गिटार गळ्यात अडकवतो, माइकपुढे उभा राहतो आणि ड्रमच्या जागेवर कुणालाच बसवत नाही. तिथे येते ‘अलेसिस एचआर-१६’ नावाची पेटी. काखोटीला मारून बसने नेता येईल एवढी. बटणे दाबून ठेका भरायचा आणि सोडून द्यायचा. बँडचे नाव गॉडफ्लेश. त्यात ब्रॉडरिक, बेस गिटारवर जी. सी. ग्रीन, आणि ही पेटी.

ड्रमर परवडत नाही किंवा मिळत नाही म्हणून अशी पेटी घेणारे बँड त्या काळी ढिगाने होते. ते तिच्याकडून होता होईल तो माणसासारखे वाजवून घ्यायची धडपड करत. मध्येच एखादी चुकार थाप, थोडा झोल, म्हणजे ऐकणाऱ्याला शंका येऊ नये. ब्रॉडरिकने तसला बनाव केला नाही. पेटी पेटीसारखीच वाजू दिली, वर तिचा आवाज एवढा वाढवला की तो छातीवर बसतो.

आपल्याकडे रियाजाच्या घरात तालमाला असते. तबलजी गाणाऱ्याचा श्वास बघत असतो. सम निसटते आहे असे दिसले की तो अंमळ सांभाळून घेतो. तालमाला सांभाळत नाही. तुम्ही खोकलात तरी ती पुढे जाते. रियाजात हा निष्ठुरपणा उपयोगी पडतो, पण मैफिलीत तिला कुणी आणत नाही. ब्रॉडरिकने आणली. मग तिच्यापुढे उभे राहून ओरडणारा माणूस कसा ऐकू येतो? मागे पडलेला, दमलेला, आणि तरीही थांबायची सोय नसलेला. गॉडफ्लेशच्या संगीतात जे वजन आहे ते मला इथे सापडते. गिटार कितीही कर्कश असो, तिच्या आवाजाने कोणी इतका दबत नाही.

ब्रॉडरिकचा जन्म १५ ऑगस्ट १९६९ चा, बर्मिंगहॅमचा. आपल्या कॅलेंडरातली ही तारीख सोडून देऊ; त्याच दिवशी न्यूयॉर्क राज्यातल्या एका गोठेवाल्याच्या शेतात वुडस्टॉकचा महोत्सव सुरू झाला होता. योगायोगाला फार किंमत देऊ नये, पण हे मूल खरोखरच पहिली काही वर्षे हिप्पींच्या सामूहिक वस्तीत वाढले. पुढे मुक्काम हलला तो शहराच्या कडेच्या सरकारी वसाहतीत. महायुद्धानंतर ब्रिटिश नगरपालिकांनी कामगारांसाठी काँक्रीटच्या ज्या चळती उभ्या केल्या, त्यातली ती एक. आई आणि सावत्र वडील दोघेही गाण्याचे वेडे. घरात रेकॉर्डी होत्या, गिटार होती, पंक होते. हिप्पींचे स्वप्न आणि काँक्रीटची भिंत अशी दोन्ही टोके बालपणातच मिळालेला हा मुलगा पुढे त्यातल्या दुसऱ्या टोकाविषयीच गात राहिला. पहिले टोक वर यायला पस्तिशी उजाडावी लागली.

बर्मिंगहॅमविषयी थोडे सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुढे जात नाही. मॅथ्यू बोल्टन आणि जेम्स वॉट यांचे हे शहर. वाफेच्या इंजिनाचा कारभार इथून चालला, आणि बोल्टनच्या सोहो टांकसाळीत वाफेवर नाणी पडू लागली. ईस्ट इंडिया कंपनीने मुंबई इलाख्यासाठी १७९१ साली तांब्याची जी नाणी पाडून घेतली ती याच टांकसाळीतली. म्हणजे वाफेच्या यंत्राने पाडलेले, शेजारच्या नाण्याशी हुबेहूब जुळणारे नाणे मुंबईच्या बाजारात हातोहात फिरले तेव्हा बर्मिंगहॅमचा ठेका आपल्यापर्यंत पोचला होताच. त्यानंतरची दीडशे-पावणेदोनशे वर्षे या शहराने खिळ्यांपासून मोटारींपर्यंत धातूचे जे करता येईल ते सगळे केले.

आणि हेवी मेटलही इथेच झाले. टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. १९६५ मध्ये, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा वादक, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका हाच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली. ताठ तारा दाबवेनात म्हणून बारीक तारा लावल्या, पुढे त्या उतरवून सैल केल्या, आणि त्या सैल तारांतून ब्लॅक सॅबथचा तो जड, खालचा आवाज निघाला. सॅबथचा गायक ऑझी ऑस्बोर्न ल्यूकस कारखान्यात मोटारींचे हॉर्न जुळवायला होता. दिवसभर हॉर्न ऐकणाऱ्या माणसाने पुढे माइक हातात घेतला याचे नवल नाही. २०२५ च्या ५ जुलैला व्हिला पार्कच्या मैदानात त्याने शहराचा निरोप घेतला आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेला तो गेला. रस्त्याकडेला उभे राहून शहराने त्याला पोचवले.

आयोमीच्या पिढीने कारखाना चालू असताना पाहिला. ब्रॉडरिक वयात आला तेव्हा कारखाने बंद पडत होते. थॅचरबाईंच्या पहिल्या काही वर्षांत वेस्ट मिडलंड्सचे कंबरडे मोडले. ज्याला कारखान्यात जायची सक्ती होती त्याने कारखान्यातून सुटण्याचे संगीत केले. ज्याला कारखाना मिळालाच नाही त्याने यंत्र घरी आणले. हा माझा अर्थ झाला. ब्रॉडरिकला तो मान्य असेलच असे नाही. आपल्या संगीताबद्दल बोलताना तो शहराइतकाच स्वतःच्या भेदरलेपणाबद्दल बोलतो.

पोराचे कान लवकर तयार झाले. थ्रॉबिंग ग्रिसल हा लंडनचा चौघांचा गट १९७६ पासून ‘इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स’ या स्वतःच्याच नावपट्टीखाली यंत्रांचे, किंकाळ्यांचे, टेपच्या तुकड्यांचे ध्वनी काढत होता. पुढे एका अख्ख्या प्रकाराला नाव मिळाले ते तिथून. ब्रॉडरिकने हे ऐकले आणि चौदाव्या वर्षाच्या आसपास ‘फायनल’ नावाखाली खोलीत बसून स्वतःचे कर्कश प्रयोग कॅसेटवर भरू लागला. कॅसेटी स्वतःच काढायच्या आणि विकायच्या. शहरातल्या रॅग मार्केटमध्ये, म्हणजे जुन्या कपड्यालत्त्याच्या बाजारात, त्याची गाठ निक बुलेनशी पडली. बुलेनचा बँड होता नेपाम डेथ.

नेपाम डेथची तालीम आणि तमाशा दोन्ही स्पार्कहिलमधल्या ‘मर्मेड’ या पबात. वेगाची शर्यत लागली होती: ड्रमर मिक हॅरिस एवढा जलद वाजवी की ठेक्याची थाप वेगळी ऐकूच येत नसे, नुसती घरघर. ऑगस्ट १९८६ मध्ये शहरातल्याच ‘रिच बिच’ स्टुडिओत जे मुद्रण झाले ती पुढच्या वर्षी निघालेल्या ‘स्कम’ या अल्बमची पहिली बाजू, आणि त्या बाजूवर गिटार ब्रॉडरिकची आहे. वय वर्षे सोळा-सतरा. त्या बाजूवर ‘यू सफर’ नावाचे एक गाणे आहे. लांबी १.३१६ सेकंद. जगातले सर्वांत छोटे गाणे म्हणून गिनीजने त्याची नोंद घेतली. बीबीसी रेडिओवर निवेदक जॉन पीलने हे सगळे मनापासून लावले. ब्रिटनच्या स्वयंपाकघरांत कशी कशी तोंडे झाली असतील कोण जाणे. अल्बमची दुसरी बाजू मुद्रित होईपर्यंत मात्र ब्रॉडरिक निघून गेला होता, हेड ऑफ डेव्हिडमध्ये ड्रम वाजवायला.

जगातल्या सर्वांत वेगवान बँडमधून निघालेला हा मुलगा दोनच वर्षांत कमालीचे संथ संगीत करू लागला. वेग वाढवून वाढवून जिथे पोचता येते ती जागा त्याने सतराव्या वर्षी पाहून घेतली होती. पुढे त्याच्या एका गाण्याची लांबी वीस मिनिटांच्या वर गेली. टोके गाठल्याशिवाय त्याला चैन पडत नाही, हे एवढ्यावरून कळते.

ग्रीनशी ओळख जुनी. ग्रीन आणि पॉल नेव्हिल यांचा ‘फॉल ऑफ बिकॉज’ नावाचा बँड होता, किलिंग जोकच्या एका गाण्यावरून नाव घेतलेला. ब्रॉडरिक त्यातही ड्रमर म्हणूनच शिरला होता. त्याचेच रूपांतर गॉडफ्लेशमध्ये झाले. १९८९ च्या नोव्हेंबरात नॉटिंगहॅमच्या ‘इअरेक’ कंपनीने त्यांचा ‘स्ट्रीटक्लीनर’ काढला. मुखपृष्ठावर ज्वाळांमधली क्रूसावरची माणसे, केन रसेलच्या ‘ऑल्टर्ड स्टेट्स’ या चित्रपटातली चौकट.

पहिले गाणे ‘लाइक रॅट्स’. पेटी सुरू होते. ग्रीनचा बेस येतो तो सुरासारखा येत नाही, फरशीवरून लोखंडी काहीतरी ओढत आणल्यासारखा येतो. बाकीच्या मेटलमध्ये बेस गिटारच्या पाठीमागे दबलेला असतो. इथे तो पुढे उभा आहे आणि गाणे त्याच्या खांद्यावर आहे. मग गिटार काय करते? ती चाल धरत नाही. ती मध्येच ओरखडा काढते, सुराच्या कडेने किंचाळते, बोट सरकवून वाकडी होते, पुन्हा गप्प बसते. तिसरा आवाज ब्रॉडरिकचा. त्याच्या गर्जनेत पराक्रम नाही. मोजके शब्द, तेच तेच, आणि त्यांत बहुतेक वेळा स्वतःचीच किळस. मेटलचा गायक साधारणपणे कुणावर तरी तुटून पडत असतो. हा तुटलेला आहे, आणि पेटी चालूच आहे.

‘स्ट्रीटक्लीनर’बद्दल बोलताना लोक अंधार, नरक, सर्वनाश असली विशेषणे पसरतात. माझे ऐकाल तर त्यातली गंमत ठेक्यात आहे. ब्रॉडरिक पब्लिक एनिमी आणि एरिक बी अँड राकिम ऐकत होता. न्यूयॉर्कच्या हिप-हॉपमधला जो डुलणारा, पाठीवर थाप दिल्यासारखा ठेका, तोच त्याने बर्मिंगहॅमच्या पेटीत भरला आणि संथ केला. म्हणून गॉडफ्लेश ऐकताना मान हलते. नुसती भीती वाटली असती तर माणसे एकदा ऐकून निघून गेली असती.

ही ओढ १९९२ च्या ‘प्युअर’मध्ये उघड झाली. त्या आधीच्या ‘स्लेव्हस्टेट’मध्ये नाचघरांच्या टेक्नोची चव होतीच. इकडे केव्हिन मार्टिनबरोबर ‘टेक्नो अॅनिमल’ नावाने डब आणि हिप-हॉपचे वेगळेच उद्योग सुरू झाले होते. मेटलवाल्यांना ही भेसळ वाटे, इलेक्ट्रॉनिकवाल्यांना गिटार खुपे. आज कुणाला काही खुपत नाही, पण ते सोपे करून ठेवणाऱ्यांत हा एक होता. फिअर फॅक्टरीचा गायक बर्टन बेल याने गॉडफ्लेशचे ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे. आयसिस या बोस्टनच्या बँडने ‘स्ट्रीटक्लीनर’ हे गाणे स्वतः वाजवून काढले.

याच सुमारास अटलांटिकपलीकडे इंडस्ट्रियल मेटल मोठे होत होते. शिकागोचा मिनिस्ट्री, क्लीव्हलंडहून निघालेला नाइन इंच नेल्स. पुढे जर्मनीच्या रामस्टाइनने तर रंगमंचालाच आग लावली. तिथे गायक म्हणजे चेहरा, पोशाख, भानगड. ब्रॉडरिककडे यांतले काहीच नव्हते. कोलंबियासारख्या बड्या कंपनीने १९९४ चा ‘सेल्फलेस’ अमेरिकेत काढला, आणि खप दिसेना तेव्हा हात झटकले. ‘सेल्फलेस’ मला स्वतःला सपाट वाटतो, शेवटचे लांबलचक ‘गो स्प्रेड युअर विंग्ज’ सोडून. पण तो खपायला हवा होता असे कंपनीतल्या कुणाला का वाटले असेल, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

१९९६ च्या ‘साँग्ज ऑफ लव्ह अँड हेट’साठी ब्रॉडरिकने पहिल्यांदा ड्रमच्या खुर्चीवर माणूस बसवला. ब्रायन मँटिया, ज्याला सगळे ब्रेन म्हणतात, पट्टीचा वादक. अल्बम दमदार आहे. दणकट बँड ऐकतो आहोत असे वाटते, आणि घोटाळा तिथेच आहे. माणूस माणसाला साथ देऊ लागला की गाणारा एकटा राहत नाही. ज्याच्यापुढे मागे पडायचे ते उरतच नाही. १९९९ मध्ये ‘अस अँड देम’साठी पेटी परत आली, पण त्या वेळच्या ड्रम अँड बेसच्या मागे धावण्यात दम गेला. २००१ च्या ‘हिम्स’वर पुन्हा माणूस, टेड पार्सन्स. हा स्वान्समध्ये वाजवून आलेला, आणि न्यूयॉर्कचा स्वान्स म्हणजे ब्रॉडरिकचे पौगंडातले दैवत. कुणालाही वाटेल, आता सगळे जुळून आले.

झाले उलटे. ग्रीन बँड सोडून गेला. त्याच्या जागी किलिंग जोकचा पॉल रेव्हन आला. २००२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेचा दौरा ठरलेला होता. निघायच्या तोंडावर ब्रॉडरिक मानसिकदृष्ट्या कोसळला. दौरा रद्द, बँड बंद. चौदा वर्षांचे दुकान एका झटक्यात मिटले. त्या दिवसांबद्दल त्याने नंतर मुलाखतींतून सांगितले आहे. त्यावर माझी कलाकुसर करण्याची गरज नाही.

नवा बँड जुन्याच्या शेवटच्या पानावरून निघाला. ‘हिम्स’च्या अखेरच्या गाण्याचे नाव ‘जेसू’, आणि २००४ पासून ब्रॉडरिकच्या नव्या बँडचेही तेच. पार्सन्स इथेही आहे, बेसवर डिअर्मिड डाल्टन. गिटार तेवढीच जड, पण आता तिच्यावर सुरांचे थर चढले आहेत, आणि गर्जना गेली आहे. ब्रॉडरिक इथे गातो. बारीक, थोडा बेसूर, लाजरा आवाज, गिटारींच्या भिंतीमागून आल्यासारखा. २००६ चा ‘सिल्व्हर’ आणि २००७ चा ‘कॉन्करर’ ऐकताना पटत नाही की हाच गळा ‘लाइक रॅट्स’वाला. हिप्पी वस्तीतले ते पहिले टोक म्हटले ते हेच असावे.

२०१० च्या जूनमध्ये फ्रान्सच्या हेलफेस्टमध्ये गॉडफ्लेश पुन्हा उभा राहिला: ब्रॉडरिक, ग्रीन आणि यंत्र. मानवी ड्रमर नाही. त्याच ऑक्टोबरात ते बर्मिंगहॅमच्या सुपरसॉनिक महोत्सवात वाजले. जागा डिगबेथची कस्टर्ड फॅक्टरी. होय, फ्रूट कस्टर्डमधलेच कस्टर्ड. अंडी न चालणाऱ्या बायकोसाठी आल्फ्रेड बर्डने बिनअंड्याची पूड शोधली आणि तिच्यावर कारखाना उभा केला. तो बंद पडल्यावर इमारतींत कलावंतांची वसाहत झाली. त्या महोत्सवात नेपाम डेथ होते, स्वान्सही होते. ज्या बँडमधून तो निघाला ते, ज्यांना ऐकून तो घडला ते, आणि तो स्वतः, सगळे एकाच माजी कारखान्यात. पुढच्या वर्षी नेदरलँड्समधल्या रोडबर्नमध्ये त्यांनी ‘स्ट्रीटक्लीनर’ अख्खा वाजवला.

पुनर्मिलनाचे कार्यक्रम करून पेन्शन घेणारे बँड पुष्कळ. यांनी नवे काम केले. २०१४ चा ‘अ वर्ल्ड लिट ओन्ली बाय फायर’ ठणठणीत आहे. २०१७ चा ‘पोस्ट सेल्फ’ अधिक आजारी, अधिक विचित्र, आणि माझ्या मते अधिक चांगला. २०२३ चा ‘पर्ज’ तीस वर्षांपूर्वीच्या ‘प्युअर’कडे वळून पाहतो: ‘नीरो’ या पहिल्याच गाण्यात हिप-हॉपचे ते डुलणे परत आले आहे. आता ठेका लॅपटॉपमधून सुटतो, मागे पडद्यावर चित्रे सरकतात, दोघे आपापल्या जागी उभे असतात. प्रेक्षकांशी गप्पा, हात वर करा, टाळ्या वाजवा, असले काही नाही.

‘पर्ज’च्या वेळी ब्रॉडरिकने जाहीर केले की त्याला ऑटिझम आणि आघातोत्तर तणाव, म्हणजे पीटीएसडी, असल्याचे निदान झाले आहे, आणि हे संगीत त्याला त्यातून तात्पुरता आराम देते. हे वाचल्यावर मी पेटीकडे नव्याने पाहिले. इतकी वर्षे आपण तिला जुलमी मुकादम समजत आलो. ज्याला माणसांचे बदलते चेहरे, बदलते स्वर, गर्दी आणि गोंगाट सोसत नाही, त्याच्यासाठी दर वेळी तंतोतंत तसाच वागणारा साथीदार जुलूम कशाला असेल? तो आधारही असू शकतो. दोन्ही अर्थ एका वेळी खरे असावेत, असे ती गाणी ऐकताना वाटते, आणि त्यांतला एक निवडायचा मला मोह होत नाही.

उत्तर वेल्समध्ये राहून तो अजून कामाला जुंपलेला आहे. ‘जेके फ्लेश’ या नावाने टेक्नो, ‘फायनल’ नावाने चौदाव्या वर्षी सुरू केलेले ध्वनिप्रयोग, ‘अॅव्हलांच’ ही स्वतःची छोटी कंपनी. एवढ्या नावांखाली एवढे काम की पाठपुरावा करणाऱ्याची दमछाक व्हावी, आणि सगळेच जपून ठेवण्याजोगे आहे असे त्याचा भक्तही म्हणणार नाही.

ऐकायला सुरुवात कुठून करू, असे कुणी विचारले तर मी ‘स्ट्रीटक्लीनर’ सांगत नाही. आधी ‘सिल्व्हर’ ऐका, मग ‘प्युअर’. हेडफोनवर नको, बऱ्यापैकी स्पीकर लावा, शेजारी घरी नसतील अशी वेळ बघा, आणि पहिली दहा मिनिटे गिटारकडे लक्षच देऊ नका. नुसता ग्रीनचा बेस धरा.